चप्पल-बुटांचे लहान दुकान काढण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेताचे भांडवल हाताशी आहे, चप्पल-बुटांचे लहान दुकान काढायची इच्छा आहे, परंतु या व्यवसायाचा पूर्वानुभव नाही, अशा वेळी सुरुवात कुठून करावी, पहिला माल किती भरावा, आणि मोठी दुकाने व घरपोच विक्री यांच्या स्पर्धेत असे दुकान तग धरू शकते का? या व्यवसायात बराच काळ घालवल्यानंतर माझे मत असे आहे की लहान दुकान निश्चितच तग धरू शकते. मात्र माझ्या पाहण्यातली जी दुकाने बंद पडली, त्यांतील बऱ्याच दुकानांत गिऱ्हाइकांची वानवा नव्हती. न खपणाऱ्या नंबरांत त्यांचे पैसे अडकले होते. त्यामुळे जागा, पाटी आणि सजावट यांचा विचार थोडा बाजूला ठेवून मी आधी मालाच्या हिशेबाबद्दल लिहितो.

भांडी किंवा वह्या विकणाऱ्याला एका नमुन्याचे मोजके नग ठेवून दुकान मांडता येते. बुटांच्या दुकानात एक नमुना ठेवायचा म्हणजे, मोठ्या माणसांच्या बाबतीत, साधारण 7 नंबर ठेवावे लागतात. त्यात 2 रंग घेतले की 14 प्रकार होतात. आणि मधले नंबर जास्त खपत असल्यामुळे ते दुहेरी भरावे लागतात. समजा, 5 ते 11 या नंबरांसाठी 1, 1, 2, 2, 2, 1, 1 असा सेट घेतला, तर एका रंगाच्या एका नमुन्याचे 10 जोड होतात. भिंतीवर केवळ 20 नमुने प्रत्येकी 2 रंगांत लावायचे म्हटले, तरी 400 जोड घ्यावे लागतात, आणि एवढे करूनही दुकान भरल्यासारखे दिसत नाही. नवा दुकानदार येथेच घाबरतो आणि नमुने वाढवण्यासाठी नंबर कमी करतो. परिणामी भिंत आकर्षक दिसते, गिऱ्हाईक बूट पसंत करते आणि त्याचा नंबर निघत नाही. आवडलेला बूट आपल्या नंबरात नाही असे दोनदा ऐकलेले गिऱ्हाईक तिसऱ्यांदा पायरी चढत नाही.

आता याच 10 जोडांचा पैसा कसा परत येतो ते पाहा. चलन कोणतेही असो, 100 ला घेतलेला जोड 160 ला विकायचा असे धरू. एका सेटमध्ये 1,000 गुंतले. मधल्या 3 नंबरांचे 6 जोड लवकर आणि पूर्ण किमतीला जातात. त्यांचे 960 येतात. म्हणजे 10 पैकी 6 जोड विकले गेले, दुकानात लगबग दिसली, तरी गुंतवलेली रक्कमसुद्धा अद्याप पुरती हाती आलेली नाही, आणि सगळा नफा उरलेल्या 4 जोडांत आहे, जे नेमके कडेच्या नंबरांचे आहेत. व्यापारात याला नंबर तुटणे म्हणतात. हे 4 जोड हंगाम संपता संपता 120 ला काढावे लागले, तर त्यांचे 480 येतात, एकूण विक्री 1,440 होते आणि कच्चा नफा, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरणारी रक्कम, 600 ऐवजी 440 उरतो. विक्रीच्या प्रमाणात तो साडेसदतीस टक्क्यांवरून साधारण साडेतीस टक्क्यांवर येतो. येथे एक गल्लत फार वेळा होते, म्हणून स्पष्ट लिहितो: 100 वर 60 चढवले म्हणजे साठ टक्के नफा झाला असे धरून घरखर्चाचा अंदाज बांधू नये. भाडे, पगार आणि वीज विक्रीतून जातात, त्यामुळे नफ्याचे प्रमाणही विक्रीच्या रकमेवरच काढले पाहिजे.

या हिशेबावरून माझा पहिला सल्ला असा आहे की सुरुवातीला एकच वर्ग निवडावा आणि त्यात नंबर पुरे ठेवावेत. पुरुष, स्त्रिया आणि मुले, त्यात कामावर जायचे, खेळायचे, समारंभाचे आणि रोज घालायचे असे सगळे थोडे थोडे भरलेले लहान दुकान कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही. मुलांचे बूट घेतले तर लहान बाळापासून किशोरवयापर्यंतचे नंबर सलग हवेत; स्त्रियांच्या चपला घेतल्या तर फॅशन लवकर बदलते हे गृहीत धरून नमुने हलते ठेवावे लागतात; कामावरचे किंवा दिवसभर उभे राहणाऱ्यांचे बूट घेतले तर नमुने थोडे चालतात, पण रुंदीचे पर्याय ठेवावे लागतात. नवख्याला मी बहुधा मुलांचे किंवा कामावरचे बूट सुचवतो, कारण या दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक गरजेपोटी परत येते आणि दुकानदाराच्या माप घेण्याच्या कौशल्याला किंमत असते. त्यातही मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा विश्वास एकदा बसला की भावंडे आणि शेजारपाजारचीही मुले त्याच दुकानात येतात.

मालासाठी बाजूला काढलेले सगळे पैसे उद्घाटनापूर्वी खर्च करू नयेत. सुमारे दोन तृतीयांश रकमेचा माल भरावा आणि एक तृतीयांश रक्कम पुनर्भरणासाठी राखून ठेवावी, कारण कोणते नमुने चालतात हे पहिल्या काही आठवड्यांत समजते आणि त्या वेळी हातात पैसा नसेल तर चालणाऱ्या नमुन्याचे मधले नंबर आणता येत नाहीत. म्हणूनच घाऊक व्यापारी निवडताना भावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो: हा व्यापारी सुटे नंबर देतो का? बहुतेक ठिकाणी माल ठरलेल्या सेटमध्ये येतो. एखादा व्यापारी जोडामागे थोडा जास्त भाव घेऊनही संपलेले 3 नंबर तेवढेच पुरवत असेल, तर तो स्वस्त सेट देणाऱ्यापेक्षा खात्रीने परवडतो. स्वस्त सेट पुन्हा घेतला की कडेच्या नंबरांची आणखी एक ओळ मागच्या फळीवर जाऊन बसते. याशिवाय सदोष जोड परत घेण्याची मुदत, पैसे चुकवण्याची मुदत आणि किमान मागणी या तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. उधारीवर मिळतो म्हणून जास्त माल उचलण्याचा मोह टाळावा, कारण उधारीची मुदत संपते तेव्हा नंबर तुटलेले असतात.

जागेबद्दल बोलताना सर्वजण रहदारीविषयी सांगतात, आणि ते खरेही आहे. पण भाड्याचा निर्णय पुढील हिशेब केल्याशिवाय घेऊ नये. वरच्या उदाहरणात सवलतीचे जोड धरून एका जोडामागे सरासरी 44 कच्चा नफा मिळतो. भाडे, मदतनिसाचा पगार, वीज, कर्जाचे व्याज, विमा आणि स्वतःचा पगार मिळून महिन्याला 6,600 खर्च होत असेल, तर केवळ बरोबरी साधण्यासाठी महिन्याला 150 जोड, म्हणजे 25 दिवसांच्या महिन्यात रोज 6 जोड विकले गेले पाहिजेत. दुकानात सरासरी 400 जोड असतील तर याचा अर्थ सगळा साठा वर्षातून साडेचार वेळा फिरला पाहिजे. नव्या दुकानाला हा वेग जड जातो. आकडा पेलणारा वाटत नसेल तर विक्रीचा अंदाज फुगवण्याऐवजी भाडे कमी असलेली जागा पाहावी. स्वतःचा पगार खर्चात धरायचा नाही अशी अनेकांची पद्धत असते. ती सोडावी, कारण तसे केल्याने तोट्यातले दुकान नफ्यात दिसते आणि बंद करण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय उशिरा होतो.

जागा मोजताना खोके हे एकक धरावे. पुरुषांच्या बुटांचे खोके साधारण 33 सेंटिमीटर लांब, 20 सेंटिमीटर रुंद आणि 12 ते 13 सेंटिमीटर उंच असते. अरुंद बाजू पुढे ठेवून रचल्यास एक मीटर रुंद आणि सुमारे दोन मीटर उंच मांडणीत 70 ते 75 खोकी बसतात; म्हणजे 400 जोडांसाठी साडेपाच ते सहा मीटर भिंत केवळ साठ्याला हवी. पायात घालून पाहण्यासाठी बसायची जागा आणि चालून पाहण्यासाठी काही पावलांची मोकळी सपाट जमीन यांत काटकसर करू नये. बाकी सजावटीत उजेड चांगला, आरसा पायांच्या उंचीला आणि नंबर खोक्याच्या पुढच्या बाजूस ठळक, एवढे पुरे.

साठवणुकीच्या बाबतीत मात्र मला थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण नवे दुकानदार बूट हा न नासणारा माल समजतात. पॉलियुरेथेन या कृत्रिम साहित्याचा तळ, विशेषतः त्यातील पॉलिएस्टर प्रकारचा, हवेतील ओलावा शोषून आतल्या आत कमकुवत होत जातो. अशा तळाचा बूट खोक्यात न वापरता काही वर्षे राहिला तरी पहिल्याच दिवशी चालताना त्याचे तुकडे पडू शकतात. बूट जुना आहे म्हणून स्वस्तात मिळतो, अशा मालाच्या राशी घाऊक बाजारात नेहमी असतात, आणि नवख्याला त्या दाखवल्या जातात. उत्पादनाचा महिना पाहिल्याशिवाय असा माल घेऊ नये. ईव्हीए या फेसासारख्या प्लॅस्टिकच्या हलक्या तळांना ओलाव्याचा असा त्रास नसतो, परंतु कडक उष्णतेत ते आकसतात. चिकटवलेल्या तळांचा गोंदही उष्णतेने सैल होतो. चामड्याला दमट हवेत बुरशी येते. म्हणून खोकी जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत, छताजवळच्या तापणाऱ्या जागेत बूट साठवू नयेत, आणि आधी आलेला माल आधी जाईल अशा रीतीने रचना करावी. काचेत मांडलेला एकच पाय उन्हाने फिका पडतो आणि मग जोडाचे दोन रंग दिसतात; त्यासाठी मांडलेला नग वरचेवर बदलावा आणि त्याचा दुसरा पाय कोणत्या खोक्यात आहे याची नोंद ठेवावी.

माल आला की प्रत्येक खोके उघडून पाहावे. उजव्या-डाव्या पायाचा नंबर एकच आहे ना, दोन्ही टाचांची उंची सारखी आहे ना, चामड्याचा पोत आणि रंग जुळतो ना, तळाच्या कडेला गोंदाची फट दिसते का, हे तपासायला फार वेळ लागत नाही. बूट हातात धरून वाकवावा. तो चवड्यापाशी, म्हणजे पाऊल जेथे दुमडते तेथे, वाकला पाहिजे. मधोमध वाकणारा बूट पायाला आधार देत नाही आणि तो परत येण्याची शक्यता जास्त असते. प्रत्येक नमुन्याचा वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे हे दुकानदाराला तोंडपाठ हवे. युरोपीय संघात 1994 च्या निर्देशानुसार या तीन भागांचे साहित्य बुटावर दाखवणे बंधनकारक आहे. जेथे तसा नियम नाही तेथेही गिऱ्हाइकाला ही माहिती स्वतःहून द्यावी, असे मला वाटते.

आता माप घेण्याविषयी, ज्याच्या बळावर लहान दुकान उभे राहते. नंबर ही एकसारखी गोष्ट नाही. इंग्रजी पद्धतीत दोन लगतच्या नंबरांत एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे 8.5 मिलिमीटर अंतर असते. युरोपीय पद्धतीत, जिला पॅरिस पॉइंट म्हणतात, हे अंतर दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटर असते. अमेरिकी पद्धतीत अंतर इंग्रजीइतकेच, पण मोजणीची सुरुवात वेगळी, त्यामुळे पुरुषांचा नंबर साधारण अर्ध्या ते एका अंकाने मोठा दिसतो. मोंडोपॉइंट पद्धतीत पायाची लांबीच मिलिमीटरमध्ये लिहितात. पायऱ्याच वेगवेगळ्या असल्यामुळे या पद्धती एकमेकींशी नेमक्या जुळत नाहीत, आणि एकाच इंग्रजी नंबरासमोर दोन कंपन्या दोन भिन्न युरोपीय नंबर छापतात. शिवाय बूट ज्या साच्यावर बेततात तो प्रत्येक उत्पादकाचा निराळा असतो. म्हणून छापील तक्त्यावर विसंबू नये. आपल्याकडच्या प्रत्येक नमुन्याचा प्रत्येक नंबर किती मिलिमीटर लांबीच्या आणि कशा रुंदीच्या पायाला बसतो, याची स्वतःची वही तयार करावी. ही वही काही महिन्यांत इतकी उपयोगी होते की पाय मोजल्यानंतर योग्य खोके पहिल्याच फेरीत काढता येते आणि गिऱ्हाइकासमोर खोक्यांचा ढीग पडत नाही.

मोजण्यासाठी ब्रॅनॉक नावाचे धातूचे साधन मिळते. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी ते 1920 च्या दशकात तयार केले आणि आजही ते वापरात आहे. त्यावर टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी अशी तीन मापे मिळतात. तिसरे माप फार थोडे लोक घेतात, पण ते निर्णायक असते: ज्याची बोटे आखूड आणि पाऊल लांब आहे, त्याला केवळ बोटापर्यंतच्या लांबीवरून दिलेला बूट चुकीच्या जागी दुमडतो. माप नेहमी उभे करून घ्यावे, कारण वजन पडल्यावर पाय लांब आणि रुंद होतो. दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाला बसेल तो नंबर द्यावा. दिवसभरात पाय थोडा सुजतो, त्यामुळे सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला अगदी घट्ट बसणारा जोड देऊ नये. सर्वांत लांब बोटापुढे, जे प्रत्येकाचे अंगठाच असते असे नाही, साधारण एक सेंटिमीटर जागा राहावी, टाच उचलताना फारशी सरकू नये आणि चवड्याचा भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागात यावा. "वापरून सैल होईल" हे वाक्य दुकानात उच्चारूच नये. चामडे रुंदीत थोडे सैल होते, लांबीत नाही, आणि कृत्रिम साहित्य बहुधा रुंदीतही फारसे देत नाही.

दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना "टोचतंय का?" असे विचारून भागत नाही. लहान मुलांची पावले मऊ असतात, तोकड्या बुटातही ती निमूटपणे मावतात आणि मूल तक्रार करत नाही. त्यामुळे आतला सोल बाहेर काढून त्यावर पाय ठेवावा आणि पुढे किती जागा उरते ते आईवडिलांना प्रत्यक्ष दाखवावे. मधुमेह असलेल्या अनेकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. घट्ट बुटाने झालेली जखम त्यांना कळत नाही आणि ती चिघळू शकते. अशा व्यक्तीला आतून शिवण न टोचणारा, पुढे उंच आणि रुंद असलेला जोड मापाने द्यावा, घरी परतल्यावर पाय तपासायला सांगावे, आणि योग्य जोड आपल्याकडे नसेल तर विक्री सोडून द्यावी. हे मी व्यापाराची युक्ती म्हणून लिहीत नाही. आपण विकलेल्या वस्तूने कोणाच्या पायाला इजा होऊ शकते, ही जबाबदारी या व्यवसायात पहिल्या दिवसापासून येते.

घरपोच विक्रीशी तुलना येथेच करता येते. भाव आणि नमुन्यांची संख्या यांत लहान दुकान त्यांना गाठू शकत नाही, आणि त्या शर्यतीत उतरूही नये. परंतु पडद्यावरून पाय मोजता येत नाही, आणि न बसलेला जोड परत पाठवण्याचा त्रास गिऱ्हाइकालाही नकोच असतो. ज्याच्या पायाची मापे आपल्या वहीत आहेत, ज्याला कोणता नमुना बसतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला तुमच्याकडे येण्याचे ठोस कारण असते. बदलून देण्याचा नियमही याच विश्वासाचा भाग आहे: तळ न मळलेला जोड ठरावीक दिवसांत विनातक्रार बदलावा, आणि शिवण उसवणे किंवा तळ सुटणे यांसारखा दोष लवकर दिसला तर व्यापाऱ्याकडून भरपाई मिळण्याची वाट न पाहता गिऱ्हाइकाचे आधी समाधान करावे.

रोज लिहायच्या नोंदी दोनच असल्या तरी चालतील, पण त्या न चुकता लिहाव्यात. पहिली, कोणत्या नमुन्याचा कोणता नंबर कोणत्या दिवशी गेला. दुसरी, कोणते गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाताने परत गेले. विक्रीची नोंद आपल्याकडे असलेल्या मालाविषयीच बोलते. परत गेलेल्यांची नोंद आपण काय आणायला हवे ते सांगते. एखाद्या भागात मोठे नंबर अधिक लागतात, कोठे रुंद पावले जास्त आढळतात, आणि वर दिलेला 1, 1, 2, 2, 2, 1, 1 हा सेट तुमच्या गिऱ्हाइकांना लागू पडतो की नाही, हे याच दोन नोंदींवरून कळते. प्रत्येक खोक्यावर माल आल्याचा महिना लिहावा. नंबर तुटलेला नमुना हंगाम चालू असतानाच थोड्या सवलतीत काढला तर दहा-पंधरा टक्के सोडावे लागतात. हंगाम उलटल्यावर निम्म्या किमतीलाही तो हलत नाही. मूळ किंमत वसूल झालीच पाहिजे या हट्टापायी अनेकजण तो माल पुढच्या वर्षासाठी ठेवतात, आणि पुढच्या वर्षी नव्या मालासाठी त्यांच्याकडे ना पैसा असतो, ना फळी.

मोजे, नाड्या, आतले सोल आणि पॉलिश यांना जागा थोडी लागते, नंबरांची कटकट नसते आणि नफा बरा असतो, म्हणून ते गल्ल्याजवळ जरूर ठेवावेत. नोंदणी, कर आणि दुकानाचा परवाना यांचे नियम ज्या त्या ठिकाणी विचारून पूर्ण करावेत. आग आणि पाणी या दोन्हींपासून मालाचा विमा उतरवावा, कारण खोकी कागदाची असतात आणि ओल लागलेला जोड पूर्ण किमतीला विकता येत नाही.

शक्य असेल तर जागेचा करार करण्यापूर्वी एखाद्या चालत्या दुकानात एक हंगाम काम करावे, आणि ते हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत सोडू नये. गर्दीच्या दिवसांत माप घेण्याचा आणि खोके शोधण्याचा सराव होतो. पण हंगाम संपल्यावर मागच्या फळ्यांवर कोणते नमुने आणि कोणते नंबर उरले आहेत, ते किती महिने तेथे आहेत आणि मालक त्यांचे काय करतो, हे पाहिल्यावरच आपली पहिली मागणी किती जोडांची असावी हे ठरवणे सोपे जाते.